माहिती हक्काची, माया मर्जीची

हिरोकाझू कोरे-एदांचा 'उमिमाची डायरी' हा २०१५ सालचा जपानी सिनेमा परवा आम्ही आठ-दहा जणांनी एका मित्राच्या घरी पाहिला. कामाकुरातल्या जुन्या लाकडी घरात तीन बहिणी राहतात. बाप पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाईपायी घर सोडून गेलेला, पुढे आईनेही दुसरा संसार मांडलेला, पोरी आजीने वाढवलेल्या. आता आजीही नाही. एके दिवशी बाप गेल्याचा निरोप येतो आणि त्यासोबतच कळतं की त्याला आणखी एक मुलगी आहे. अंत्यसंस्काराला गेल्यावर ती शाळकरी सुझु तिघींना पहिल्यांदा दिसते. सिनेमा संपला, चहा आला आणि वाद पेटला. एक बाजू म्हणाली, रक्त ते रक्तच, तिला घरी आणलं नसतं तर या बहिणी दगडाच्या काळजाच्या म्हणायच्या. दुसरी बाजू म्हणाली, बापाने करून ठेवलेलं पोरींनी का निस्तरायचं? शिवाय घर मोडणाऱ्या बाईचीच ती मुलगी. चहा निवला तरी दोन्हीकडचा आवाज निवला नाही. त्या दीड तासात सुझुचं नाव मोजून चार-पाच वेळा निघालं असेल. बाकी सगळा वेळ बापाला फाशी द्यायची की माफी, यातच गेला.

मला दोन्ही पक्ष एकाच खड्ड्यात पडलेले दिसतात. आपल्याला आणखी एक भावंड आहे हे कळणं ही एक गोष्ट, आणि त्या भावंडाला आपलं मानणं ही वेगळीच. दोन्ही पक्षांनी या दोन्ही गोष्टी एकाच दावणीला बांधल्या आहेत. म्हणून एकाला वाटतं, कळलं की मानायलाच हवं. दुसऱ्याला वाटतं, मानायचं नसेल तर कळूच नये. माझं म्हणणं सरळ आहे. कळणं हा हक्क आहे आणि तो आई-बापाच्या मेहरबानीवर सोडता येणार नाही. माया मात्र कुणाच्या हक्काची नाही. ती भावंडांच्या मर्जीची गोष्ट आहे, आणि मर्जी चालवायची तर आधी माहिती असावी लागते.

आपल्या मनात हा गोंधळ कुठून आला याची मला थोडी कल्पना आहे. १९८३चा 'मासूम' माझ्या पिढीच्या घराघरांत पाहिला गेला. शेखर कपूरचं दिग्दर्शन, गुलजारांचं लेखन आणि तो निळ्या डोळ्यांचा राहुल. आई मेल्यावर नैनितालहून दिल्लीला बापाच्या घरी आलेला मुलगा. त्या घरात पिंकी आणि मिनी या दोन बहिणी आहेत, त्या त्याच्याबरोबर हुंदडतात, 'लकडी की काठी'वर नाचतात. पण सिनेमाचा सगळा ताण कशावर आहे? बापाची बायको इंदू या मुलाला पदरात घेते की नाही यावर. या मुली त्याच्या कोण आणि तो त्यांचा कोण, हे त्यांनी कधी, कुणाकडून ऐकायचं, हा प्रश्न सिनेमाला फारसा पडत नाही. शबाना आझमींचा चेहरा समोर असताना प्रेक्षकालाही पडत नाही, हे कबूल करतो. शेवटी मुलाला परत पाठवायची वेळ येते, स्टेशन येतं, आणि इंदूचं मन पालटतं. आपण डोळे पुसतो. मोठ्यांनी मोठ्यांना माफ केलं, म्हणजे प्रश्न सुटला.

'उमिमाची डायरी'तही स्टेशन आहे, पण ते सुरुवातीला आहे. परतीच्या गाडीत चढलेली थोरली साची फलाटावर उभ्या सुझुला विचारते, आमच्याकडे राहायला येतेस? पोरगी क्षणभर थांबून हो म्हणते आणि दार बंद होतं. हा निर्णय कुठल्या बायकोचा नाही, बापाचा तर नाहीच, तो आता राख झालाय. दोन भावंडांनी आपसांत केलेला हा करार आहे. पुढे नात्यातली एक वडीलधारी बाई साचीला बजावते की ही तुमचं घर उद्ध्वस्त करणाऱ्या बाईची मुलगी आहे, विसरू नकोस. साची विसरत नाही. तिला सगळं ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनच ती विचारते. दोन स्टेशनांमधलं हे अंतर हाच माझा मुद्दा आहे.

आता समोरच्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं घेऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची. गुपित म्हणजे नेहमी ढोंग नसतं, कधी ते जीव वाचवतं. हे मी मनापासून मान्य करतो, कारण आपल्या मातीतच त्याचा पुरावा आहे. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा फसलेल्या विधवांना त्यांनी दिलेलं आश्वासन कोणतं होतं? येथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा. तिथली गुप्तता हीच दया होती. १८७५मध्ये पंढरपुरात असंच घर उभं राहिलं, तेही याच गरजेतून. विहिरीत, उकिरड्यावर जाणारी अर्भकं या गुप्ततेने वाचली. त्या बायकांची नावं फोडायला हवी होती, असं आज कोण म्हणेल?

पण मूठ कुणाची आणि ती कुणापासून झाकलेली, हे बघायला नको का? त्या बाईचं गुपित गावापासून होतं, सोवळ्या-ओवळ्यापासून होतं, केशवपन करणाऱ्या घरापासून होतं. त्या गुपिताने तिचं रक्षण होत होतं. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत जोतीराव-सावित्रीबाईंनी १८७४ साली दत्तक घेतला, तेव्हा त्यांनी त्याचा जन्म पुसून टाकला नाही. तो कुणाचा हे लोकांना माहीत होतं, त्याचा त्रासही झाला. तरी १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र केलं ते याच मुलाचा वारसा पक्का करायला. म्हणजे गुप्ततेचं हे सगळ्यात मोठं काम ज्यांनी आपल्याकडे केलं, त्यांनीच स्वतःच्या घरात मात्र उघडेपणा ठेवला. एका अडलेल्या बाईचं गुपित आणि नोकरी-बंगला-प्रतिष्ठा सांभाळणाऱ्या बापाचं गुपित आपण एकाच तागडीत तोलतो, ही लबाडी आहे. पहिलं उघडं पडलं तर बाईचं आयुष्य जातं. दुसरं उघडं पडलं तर जेवणाच्या टेबलावर चार दिवस अबोला.

दुसरा आक्षेप याहून सूक्ष्म आहे, आणि तो आमच्यात चहाच्या वेळी कुणी घेतला नाही याचं आश्चर्य वाटतं. त्या भावंडालाच कळवायचं नसेल तर? इथे महाभारताकडे जावंच लागतं. आपल्याकडे अज्ञात भावाची गोष्ट म्हणजे कर्णाची गोष्ट. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला त्याचा जन्म सांगतो, तू थोरला पांडव, राज्य तुझं. कर्ण नकार देतो, हे सगळ्यांना पाठ असतं. पण पुढचं वाक्य लोक विसरतात. कर्ण कृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कळलं तर तो राज्य माझ्या पायाशी ठेवेल, आणि मी ते दुर्योधनाला देईन. म्हणजे गुप्तता कुंतीने पाळली ती लाजेपोटी, आणि कर्णाने मागितली ती इमानापोटी. हा आक्षेप मी सहज उडवून लावू शकत नाही. कर्णाला तो हक्क होता का? स्वतःपुरता होता. भावांत जायचं नाही, हे ठरवण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, आणि तो त्याने माहिती मिळाल्यावरच वापरला. पण त्या पाच जणांचं काय? कृष्णाला ठाऊक, कुंतीला ठाऊक, कर्णाला ठाऊक. फक्त ज्यांच्या बाणाने तो मरणार, त्यांना नाही. युद्ध संपल्यावर गंगेवर तिलांजली द्यायच्या वेळी कुंती सांगते, त्याच्याही नावाने पाणी सोडा, तो तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिर कोसळतो आणि समस्त स्त्रीजातीला शाप देतो की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. या शापाचं आपण बायकांवरच्या विनोदात रूपांतर केलं, हे आपल्याला शोभेलसंच. खरं तर तो एका भावाचा आक्रोश आहे: मला निवड करू दिली नाहीत. कळलं असतं तर युधिष्ठिराने काय केलं असतं, हे कर्णाने परस्पर ठरवून टाकलं. अंदाज बरोबरही असेल. तरी दुसऱ्याची निवड त्याच्या वतीने करून टाकणं म्हणजेच तर घराघरांत आई-बाप करतात ते.

आता थोडं कायद्याकडे, कारण सिनेमाबद्दलच्या गप्पांत सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर. राहुलच्या आई-बापाचं लग्न झालेलं नव्हतं. १९५६चा हिंदू वारसा कायदा अशा मुलाचं नातं आईशी आणि तिच्या तशाच दुसऱ्या मुलांशी मानतो. बापाकडून त्याला पोटगी मागता येते, वारसा नाही. म्हणजे वाटणीच्या हिशेबात पिंकी आणि मिनी त्याच्या कुणीही नाहीत. पण १९५५चा हिंदू विवाह कायदा उघडा. कुणाकुणात लग्न निषिद्ध आहे हे सांगताना तिथे स्पष्ट म्हटलंय की नातं सख्खं असो वा सावत्र, औरस असो वा अनौरस, निषेध सारखाच. म्हणजे लग्न होऊ नये म्हणून तो भाऊ, आणि वाटणी मिळू नये म्हणून परका. बरं, हा निषेध पाळायचा कसा? ज्याला आपली बहीण कोण हेच सांगितलेलं नाही, त्याने कुणाशी लग्न करू नये हे कसं ओळखायचं? कायद्याने गृहीत धरलंय की माहिती आहे. ती द्यायची कुणी, यावर मात्र तोंडात मिठाची गुळणी.

इथे वाटणीचा शब्द निघाला की समोरून हमखास येतं: हेच, हेच आम्ही म्हणतो, माहिती म्हणजे शेवटी सात-बारा! मराठीत बंधुत्वाच्या शब्दाचा अर्थ जमिनीचं भांडण असा झालेला आहे, भाऊबंदकी म्हटलं की कुणाला माया आठवत नाही. तेव्हा ही भीती खोटी नाही. नवं भावंड म्हणजे नवा वाटेकरी. १ सप्टेंबर २०२३ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की अवैध ठरलेल्या विवाहातून झालेल्या मुलांना, म्हणजे उदाहरणार्थ पहिली बायको हयात असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाच्या मुलांना, एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत आई-बापाच्या वाट्याला जेवढं आलं असतं त्यात हिस्सा आहे. त्यांना स्वतः सहदायाद, म्हणजे एकत्र मालमत्तेचा जन्मजात वाटेकरी, होता येत नाही, काका-पुतण्यांच्या वाट्याला हात लावता येत नाही. बापाचं जे बापाचं, त्यातलं घ्या. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. तो कुणालाही नातं मानायला सांगत नाही. दिवाळीला बोलवा, राखी बांधा, असलं काही त्यात नाही. हिशेब हिशेबाच्या जागी ठेवलाय. ज्यांना वाटतं की माहिती दिली की भांडण येतं, त्यांनी कुठल्याही तालुक्याच्या कोर्टात बसून बघावं. तिथली 'दुसऱ्या घरा'ची प्रकरणं आधी सांगितल्यामुळे आलेली नसतात. बाप मेल्यावर, निवृत्तिवेतनाच्या अर्जावर दोन बायकांची नावं आल्यामुळे आलेली असतात. लपवल्याने भांडण टळलं नाही. ज्याला जाब विचारायचा तो निघून जाईपर्यंत पुढे ढकललं गेलं, इतकंच.

उलट बाजूच्या, म्हणजे रक्त-रक्त करणाऱ्यांसाठीही इतिहासात एक उदाहरण आहे. बाजीराव-मस्तानीचा मुलगा शमशेरबहादर. नानासाहेब आणि रघुनाथरावांचा हा सावत्र भाऊ कुणाला अज्ञात नव्हता, शनिवारवाड्यात वाढला. पण त्याची मुंज होऊ दिली नाही. १७६१ला पानिपतावर तो पेशव्यांकडून लढला, जखमी झाला आणि त्या जखमांनी गेला. पंगतीत परका आणि रणात भाऊ. रक्ताची खात्री असली म्हणजे माया येतेच असं नाही, हे यातून दिसतं. पण तो कोण हे उघड होतं म्हणून त्याला पथक मिळालं, जहागीर मिळाली, त्याच्या मुलाने पुढे बुंदेलखंडात बांद्याचं राज्य उभारलं. उघडेपणाने त्याला न्याय दिला असं म्हणवत नाही. पण पायाखाली जमीन दिली. लपवलेल्याला तीही नसते.

माहिती आणि माया वेगळ्या ठेवता येतात का, हा खरा व्यवहारी प्रश्न. येतात. इंग्लंडने ठेवल्या. स्कॉटलंडमध्ये १९३०पासून, आणि इंग्लंड-वेल्समध्ये १९७६पासून दत्तक गेलेल्या व्यक्तीला सज्ञान झाल्यावर आपली मूळ जन्मनोंद पाहता येते. माइक लींच्या 'सिक्रेट्स अँड लाइज'ला १९९६ साली कान चित्रपट महोत्सवात पाल्म दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्याची सगळी गोष्ट या एका तरतुदीवर उभी आहे. डोळ्यांची तपासनीस असलेली हॉर्टेन्स सरकारी कचेरीत जाते, तिला एक फाइल मिळते. बस्स, कायद्याचं काम संपलं. पुढे ती आईला फोन करते तेव्हा आई रडत फोन ठेवून देते, आणि कायदा तिला पुन्हा उचलायला लावत नाही. मग भेट होते ती माणसांनी ठरवली म्हणून. आई तिला धाकट्या मुलीच्या, रोक्सॅनच्या, एकविसाव्या वाढदिवसाला नेते ते कारखान्यातली मैत्रीण म्हणून, आणि व्हायचं तेच होतं. सत्य बाहेर पडतं, रोक्सॅन उठून बसस्टॉपवर जाऊन बसते. मला हा सिनेमा आवडतो तो या बसस्टॉपसाठी. कळल्यावर उठून जाण्याचा हक्कही हक्कच. मागल्या अंगणात दोघी बहिणी शेजारी शेजारी गप्पा मारतात ते नंतर, सवडीने.

आपल्याकडे दत्तक नियमांत मुळांचा शोध घेण्याची सोय आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेल्याला स्वतः अर्ज करता येतो. आईने मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर तिची संमती घ्यावी लागते, ती नाही म्हणाली तर निदान कोणत्या परिस्थितीत सोपवलं ते सांगितलं जातं. हे मला रास्त वाटतं, फुल्यांच्या गृहातलं आश्वासन आज कायद्याने पाळावं तसं. पण त्या नियमांत तिऱ्हाइताला शोध घ्यायला मनाई आहे, आणि दत्तक दिलेल्या मुलीची घरी राहिलेली सख्खी बहीण या नियमांपुढे तिऱ्हाईतच. गंमत बघा, भावंडं एकत्र दत्तक द्यावीत, ताटातूट करू नये, असा आग्रह हीच व्यवस्था धरते. मग ताटातूट झालेल्यांसाठी दार का नाही? इंग्लंडात १९९१पासून एक नोंदवही आहे. दत्तक गेलेल्याने एका भागात नाव घालायचं, मूळच्या नातलगांनी दुसऱ्या भागात. दोन्हीकडून नाव असेल तरच पत्ता मिळतो. नसेल तर नाही. ना कुणाच्या दारावर थाप, ना कुणाचा पदर ओढला. १९७०-८०च्या दशकांत पुण्या-मुंबईच्या संस्थांतून युरोपात गेलेली मुलं आज पन्नाशीकडे आली आहेत. त्यांच्या इथल्या बहिणीसुद्धा. अशी एक वही ठेवायला किती खर्च येईल?

मुलांना लहानपणीच सगळं सांगून टाकावं असं मी म्हणत नाही. वय, वेळ, शब्द हे पाहायलाच हवं. आणि गुपित राखण्याची सोय तशीही संपत आलीय. अमेरिकेतल्या मराठी घरांत नाताळची भेट म्हणून आलेल्या, लाळेवरून डीएनए जुळवणाऱ्या चाचणीच्या डब्या असतात, आणि त्या डब्या कुणाची परवानगी विचारत नाहीत. कृत्रिम प्रजननाबद्दलच्या २०२१च्या कायद्याने एका दात्याचं बीज एकाच जोडप्याला देण्याचं बंधन घातलं. त्याआधीच्या दशकांत असं बंधन नव्हतं, तेव्हाच्या किती मुलांना किती भावंडं आहेत, देव जाणे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. यंत्राकडून कळण्यापेक्षा माणसाकडून कळलेलं बरं, एवढाच काय तो फरक आपल्या हातात आहे.

त्या दीड तासात कुणीच न घेतलेलं एक दृश्य शेवटी सांगतो. तिघींतली धाकटी चिका, बाप घर सोडून गेला तेव्हा इतकी लहान की तिला तो नीट आठवतच नाही. त्याच्यावर राग धरायलाही तिच्याकडे चेहरा नाही. सुझुकडे मात्र बापाची सगळी शेवटची वर्षं आहेत, त्याची मासेमारीची हौस, त्याच्या हातची चव. ज्यांच्या आईला बापाने दुखवलं त्या बहिणींसमोर त्याच्याबद्दल बोलायचं कसं, म्हणून ती गप्प असते. चिका तिला सहज म्हणते, कधीतरी मला बाबांबद्दल सांग. आमच्या वादातल्या दोन्ही बाजूंना वाटत होतं की सुझुला काहीतरी द्यायचं आहे: घर, नाव, क्षमा. पण घेणारी चिका आहे. बापाचा जो अर्धा भाग तिच्या वाट्याला आलाच नाही, तो या मुलीखेरीज जगात कुणाकडेही नाही.

आपल्याकडे बाप गेल्यावर चिका काय करते? तलाठ्याकडे जाते. वारस नोंदीच्या प्रतिज्ञापत्रावर वारसांची नावं लिहून झाल्यावर खाली छापील वाक्य असतं, 'यांच्याव्यतिरिक्त मयताचे अन्य कोणीही वारस नाहीत.' तिघी बहिणी ओळीने सह्या करतात, आणि घरातलं एखादं मोठं माणूस खिडकीबाहेर बघत उभं असतं.